भिशीला चढलेला द्राक्षरस

मुलांनो, आजीने भिशीत वाइन पाजली, ही बातमी समुद्रापार तुमच्यापर्यंत पोचली असं कळलं. तेव्हा काय झालं ते क्रमाने सांगते.

माझ्या बहिणीची नात इथे मानसशास्त्रात एम.ए. करते आणि माझ्याकडे राहते. तिचा विषय कॉलेजातल्या मुलांचं पिणं. पहिल्यांदा पिणारी मुलं बरळतात, भांडतात, भलत्याला भलते फोन करतात. ते दारूमुळे किती आणि 'आपल्याला चढणारच' या समजुतीमुळे किती, हे तिला बघायचं होतं. तिला मार्गदर्शन करणाऱ्या मॅडमना ते पटेना. "आधी घरी दारूशिवाय प्रयोग करून दाखव. पेल्यात दारू नाही हे ठाऊक असलेल्या आणि नसलेल्या माणसांत फरक दिसला तर ठीक, नाहीतर विषय बदल," असं त्या म्हणाल्या. या विषयापायी पोरीने हातची नोकरी सोडली होती. तिचा चेहरा एवढासा झाला.

"कधीच न प्यायलेली माणसं कुठून आणू, आजी?"

"माझी भिशी आहे की!"

दिंडोरीची काळी द्राक्षं आणून रस मीच काढला, गाळला, झणका यावा म्हणून जरा व्हिनेगर घातलं. मैत्रिणींना सांगायचं, ही वाइन आहे. मला खरं ठाऊक, म्हणून शुद्धीवरचं माणूस मी. मी स्वयंपाकघरात एकटीने प्यायचं ठरलं होतं. पण भिशी माझ्याच घरी! यजमानीण आत बसून राहिली तर बायका काय म्हणतील? चिवड्याचं ताट घेऊन मी बाहेर येऊन बसले.

"आधी देवाला दाखवायचं ना?" आमच्यातली निवृत्त मुख्याध्यापिका सवयीने उठली.

"अगं, याचा नैवेद्य दाखवतात का? पडदा ओढ आधी देव्हाऱ्याचा!" दुसरी ओरडली. ही बँकेत अधिकारी होती.

पडदा ओढला आणि पेले तोंडाला लागले. पहिल्या घोटाला सगळ्या गंभीर. दुसऱ्या घोटाला मुख्याध्यापिका म्हणाली, "पाय हलके झाले गं," आणि फुगडीसाठी माझे हात धरले. बँकवालीने सुनेला फोन लावला. "ऐक, तुझी साबुदाण्याची खिचडी माझ्यापेक्षा चांगली होते. हो, शुद्धीवर नाहीये, म्हणूनच सांगतेय!" आम्ही हसून हसून लोळलो. मी दिवाणावरून घसरले ती मला उठताच येईना. "चला, आपल्या नदीवर, गंगेवर जाऊन भेळ खाऊ," हे ओरडणारी मीच, आणि चप्पल समजून पायात पायपुसणं अडकवणारीही मीच.

शेवटी पोरीने सगळ्यांना खरं सांगितलं.

"नुसता रस?" बँकवाली किंचाळली. "मेले! आता खिचडीचं परत कसं घेऊ?"

पुन्हा हशा. हसत नव्हती ती फक्त पोरगी. तिचे डोळे भरले होते.

"आजी, तू तरी शुद्धीवर राहायचं होतंस! तुझ्यात नि त्यांच्यात फरकच दिसला नाही. संपला माझा विषय."

माझं हसू जागच्या जागी विरलं. तिला जवळ घेऊन मी विचार केला आणि म्हणाले, "हे बघ, मी रस स्वतः गाळला होता. मला रस चढणार कसा? मला या बायका चढल्या. आत एकटी बसले असते तर चिवड्यातले दाणे निवडत बसले असते."

ती डोळे पुसून लिहायला बसली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी ते वाचलं आणि म्हणे खुर्चीत मागे रेलून हसल्या. मुलं एकटी असताना काय होतं आणि घोळक्यात काय होतं, हे दोन्ही तपास, विषय मंजूर, असं त्यांनी सांगितलं. मुलांनो, घोळक्यात बसाल तेव्हा हे तुम्हीही ध्यानात ठेवा.

मॅडमनी अट मात्र एकच घातली. प्रयोग चालू असताना आजींनी घराबाहेर जायचं.

म्हणून हल्ली पोरीचा घरी प्रयोग असला की मी मैत्रिणींसोबत गंगेवर भेळ खात असते.