बोटीवर गेलेला टाक

त्या धनगरवाड्यावरच्या बाईची फिर्याद अजून माझ्या मनातून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले कितीतरी आज धड आठवतही नाहीत. ही मात्र जात नाही. यातल्या कुणाचं नाव मी इथे देणार नाही.

स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली होती आणि मी मुळशी भागात फौजदार होतो. ठाण्यात येणारी प्रकरणं म्हणजे बांधाची भांडणं, हातभट्टी, नाहीतर कुणाची म्हैस कुणाच्या भातात शिरलेली. त्या सकाळी हजेरी नुकतीच आटोपली होती. कोळवणच्या बाजूचा एक पोलीस पाटील एका बाईला घेऊन आला. बाई पन्नाशीची, अनवाणी, पहाटेच घरून निघालेली. बस म्हटलं तर बसेना, पाणी दिलं तर घेईना.

"सायेब, माज्या ल्योकाचा टाक नेला," ती म्हणाली. "मोटारीतल्या मडमेनं."

टाक म्हणजे देव्हाऱ्यात पुजायचा चांदीचा छोटा पत्रा, त्यावर मूर्ती उठवलेली. कुलदैवताचा असतो, तसा घरातल्या गेलेल्या माणसाचाही बसवतात. या बाईचा एकुलता एक मुलगा लग्नाआधीच गेला होता. म्हशीमागे जाताना कड्यावरून पडला. त्याचा फोटो कुठला असणार? तिच्यापाशी मुलाचं म्हणून जे उरलं होतं ते एवढंच. रोज त्याला अंघोळ घालायची, भंडारा लावायचा, दुधाचा नैवेद्य दाखवायचा.

आमचे हवालदार कामाला पक्के, पण त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. "मावशी, बोटभर पत्र्यासाठी एवढी पायपीट?" ते म्हणाले.

"तुमाला पत्रा, दादा," ती एवढंच बोलली.

मी फिर्याद लिहून घेतली. परदेशी प्रवाशांची मोठी बोट मुंबईला लागली की ती दोन-चार दिवस बंदरात थांबे. तेवढ्या वेळात हौशी प्रवासी कार्ल्याची लेणी, पुणं, मुळशीचं धरण असं बघून जात. पुण्याचा एक दुभाष्या त्यांना हिंडवायचा. तो आधी एकदा धनगरवाड्यावर येऊन सांगून गेला होता, "गोरे पाहुणे तुमच्या देवाच्या पाया पडायला येणार आहेत." बाईने घर सारवलं, दूध तापवून ठेवलं. आदल्या दिवशी दुपारी दुभाष्या एका वयस्क मडमेला घेऊन आला. दारी आलेल्याने देवाचं दर्शन मागितलं तर नाही म्हणायचं नसतं. बाईने भंडारा लावून टाक मडमेच्या ओंजळीत ठेवला. दुभाष्याने मडमेकडून नोटा घेऊन बाईला दिल्या. तिला वाटलं, देवापुढे ठेवायला दिल्या. तिने त्या देव्हाऱ्यात ठेवल्या आणि ती वळून बघते तर दोघं उतारावरून खाली मोटारीकडे निघालेले.

"मला वाटलं, उजेडात बघत्यात," ती म्हणाली. "मोटारीपाशी ती बाई मागं वळली व्हती, सायेब. हात पुढं केला व्हता तिनं. मी पळाले, पर तवर मोटार सुरू झाली."

पैसे परत करायला ती ते पदराच्या गाठीला बांधून घेऊन आली होती. मी पंचांसमक्ष ते जमा करून घेतले.

मोटारीचा माग लावायला वेळ लागला नाही. पिरंगुटच्या चहावाल्याने हिरवी टॅक्सी लगेच ओळखली. पुण्याला फोन झाला आणि दुपारपर्यंत दुभाष्या आणि ड्रायव्हर दोघेही आमच्या ठाण्यात हजर झाले. मडम मात्र सकाळच्या गाडीने मुंबईला गेली होती.

दोघांना वेगवेगळं बसवलं. दुभाष्या कडक इस्त्रीचा, बोलायला गोड. "राजीखुशीचा सौदा झाला, साहेब. बाईला पैसे पोचलेत."

"बोट कोणती?"

त्याने एका बोटीचं नाव ताबडतोब सांगितलं. "परवा सुटते. सावकाश चौकशी करा." मी मुंबईला ट्रंक कॉल लावला. त्या काळी ट्रंक कॉल लावायचा आणि देवाचं नाव घेत बसायचं. तासाभराने लागला, मग बंदरावरच्या पोलिसांनी शोध घेतला आणि उलट निरोप आला की त्या बोटीवर अशी कुणी बाई नाही. दुभाष्या म्हणाला, "नीट बघायला सांगा, असेल." पुन्हा निरोप गेला, पुन्हा शोध झाला.

तेवढ्यात मी ड्रायव्हरकडे वळलो. मोटार उताराखाली बॉनेट उघडून उभी होती, असं बाईने सांगितलं होतं; ती का थांबली, हे दोघांनाही विचारलं होतं. दुभाष्याने सांगितलं होतं, पाणी उकळलं. ड्रायव्हर म्हणाला, "पंख्याचा पट्टा तुटला."

"मग नवीन पट्टा तिथे कुणी दिला? म्हशीने?"

त्याने मान खाली घातली. मग बोलू लागला. "साहेब, काही तुटलं नव्हतं. या दुभाष्यांनी रुमालाने घाम पुसला की मी बॉनेट उघडायचं, असं ठरलेलं होतं. दर वेळी असंच करतो. पाहुणे नको म्हणायला लागले की गाडी बिघडते. मग हे म्हणतात, बोट चुकेल. बोट म्हटलं की माणूस काहीही घेतो."

"ती मडम घेत होती का?"

"नाही, साहेब. परत द्यायला निघाली होती. ही त्या बाईच्या पूजेतली वस्तू आहे, मला नको, असं म्हणत होती. मला तेवढं इंग्रजी कळतं. हे म्हणाले, एकदा हातात घेतलेला देव परत केला तर या लोकांचा अपमान होतो. वाड्यावरची माणसं जमा होतील, गाडी अडवतील. तेवढ्यात ती बाई ओरडत खाली पळत आली. हे म्हणाले, बघा, आली. मडम रडायला लागली आणि गाडीत बसली."

मी बोट विचारली. त्याने दुसरंच नाव सांगितलं. ती त्याच दिवशी संध्याकाळी सुटणार होती. पुन्हा ट्रंक कॉल लावला. तो लागला तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. तिकडचा अंमलदार म्हणाला, "बोट गेली, साहेब. नुकतीच गेली."

मी दुभाष्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "सुटली का?"

मग त्याने सगळं कबूल केलं, मागच्या फेऱ्यांसकट. आता मुद्देमाल सापडणार नाही, याची त्याला खात्री झाली होती. प्रवाशांना बोट चुकेल म्हणून घाबरवणाऱ्याने आम्हाला मात्र बोट निघेपर्यंत झुलवत ठेवलं होतं. माझा हात उगारला गेला. हवालदारांनी तो धरला नसता तर मी त्या दिवशी नोकरी गमावली असती.

ड्रायव्हरच्या साक्षीवर खटला उभा राहिला. फसवणुकीच्या कलमाखाली दुभाष्याला शिक्षा झाली, फार मोठी नाही. मी बोटीच्या कंपनीला दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही.

जबरदस्ती म्हटली की आम्हा पोलिसांच्या डोळ्यांपुढे काठी किंवा सुरा येतो. त्या दुपारी कुणी कुणाच्या अंगाला हातही लावला नाही. एकीची घाई आणि दुसरीची भीड, एवढ्यावर त्या माणसाने दोघींना लुटलं. मला तर त्या मडमेचीही कीव येते. एक बाई आपल्यामागे का धावत होती, हे तिला कधीच कळलं नसणार. तेव्हापासून कुणी विकणारा "आत्ताच ठरवा" म्हणाला की मी चपला घालतो आणि निघतो.

निकालानंतर मी वाड्यावर गेलो. बाई म्हैस धूत होती. मी म्हटलं, "मावशी, पौडच्या सोनाराशी बोललोय. तो नवा टाक घडवून देईल."

"नगं, सायेब," ती म्हणाली. "त्यो तिकडं हाय. हितं दुसरा कुनाला बसवू?"

म्हशीच्या पाठीवर पाणी ओतता ओतता ती थांबली आणि म्हणाली, "तिकडं लई थंडी आसती म्हनं."

"असते."

"मग त्या बाईला सांगशीला का? त्याला थंडी सोसत न्हाई. फडक्यात गुंडाळून ठेव म्हनावं."

मी सांगतो म्हणालो. तिने मान हलवली आणि पुन्हा म्हशीच्या पाठीवर पाणी ओतू लागली.