समुद्रतळाच्या नांगराचा फाळ

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शकील मिस्त्री धुळ्यात देवपूरच्या आपल्या वर्कशॉपमध्ये चुन्याच्या कोरड्या भुकटीतून एक पोलादी फाळ उकरून काढत होते. जहाजामागून समुद्राच्या तळावर ओढल्या जाणाऱ्या नांगराचा हा फाळ. तो तळात चर पाडतो आणि त्या चरात इंटरनेटची केबल पुरली जाते.

मुंबईच्या एका ठेकेदाराने असे बारा फाळ करायचं काम देऊ केलं होतं. पहिला नमुना तडकला. शेतकरी दारात थांबलेला असतो, म्हणून शकील तीस वर्षं वेल्डिंगचा कडक थर चढवला की फाळ लगेच पाण्यात बुडवत आले. तो नमुनाही सवयीने बुडवला आणि तापलेलं पोलाद एकदम निवून चिरलं. हा दुसरा नमुना म्हणजे शेवटची संधी होती. काल दुपारपासून तो चुन्यात सावकाश निवत होता.

"समुद्रमा काय पेरतस रे, शकीलभाई?" ट्रॅक्टरचा फाळ घेऊन आलेल्या मगनआबांनी विचारलं.

"तार पेरतात, आबा."

"मंग पानी भरानं काम नही!"

नऊ वाजता ठेकेदाराच्या तपासनीस नूतन पाटील आल्या. त्यांनी फाळावर लाल रंग फवारला, पुसला आणि वर पांढरी पावडर मारली. चीर असेल तर लाल रेघ उमटते. मग दहा मिनिटं थांबून त्या वाकून बघू लागल्या. पावडर पांढरीच राहिली.

"मिस्त्री, उरलेले अकरा कधी देता?"

"रोज एक, मॅडम. त्याहून घाई नको."

उद्या सकाळी आठला बारांपैकी दुसऱ्या फाळाचं वेल्डिंग सुरू होईल आणि दुपारी एकपर्यंत तो चुन्यात जाईल.