पुण्यतिथीचा साबुदाणा

यामिनीचे माहेर नागपूरचे आणि सासर एका थाई कुटुंबातले. परंतु ते सासर नांदत होते कॅनडात, ओंटारिओतल्या केंब्रिज या गावी. गावातल्या कितीतरी घरांप्रमाणे त्या घराचीही चूल मोटारींच्या कारखान्यावर पेटलेली. सासरे प्रसित यांनी सारी हयात तिथल्या असेंब्ली लाईनवर काढली आणि पुढे मुलगा विचाय तिथेच गुणवत्ता तपासणीत लागला. थाई नावांपैकी पुष्कळशी संस्कृतातूनच समुद्र ओलांडून तिकडे गेलेली. विचाय म्हणजे आपला विजय, हे कळताच यामिनीच्या आईने पहिल्याच फोनवर त्याला 'विजयराव' करून टाकले आणि तोही त्या नावाला बिनतक्रार ओ देऊ लागला.

सासऱ्यांनी सुनेला पहिल्या दिवसापासून 'लूक' म्हटले. लूक म्हणजे लेकरू. तिने एकदा एकादशीला साबुदाण्याची खिचडी केली, तर प्रसित पहिला घास घेताच लहान मुलासारखे हसले. "अगं, हा तर साखू! आणि वर शेंगदाणे!" त्यांच्या देशातही साबुदाणा घरोघरी होतो आणि त्यात शेंगदाण्याचे सारण भरतात. तेव्हापासून दर शनिवारी ती खिचडी ठरलेली. ते तीवर माशाच्या अर्काचे चार थेंब शिंपडून खात आणि डोळे मिचकावून म्हणत, "लूक, नागपूरला कळवू नकोस हं."

सासू माली मात्र तिला 'खुन यामिनी' म्हणत. खुन हा आदराचा शब्द, आपल्या 'बाई'सारखा. त्यांच्या तोंडून कधी कठोर शब्द निघाला नाही, आणि खरी अडचण तीच होती. यामिनी स्वयंपाकघरात गेली की त्या हसतमुखाने तिच्या हातातली सुरी काढून घेत. "तुम्ही बसा, खुन यामिनी. ऑफिसातून दमून आलात." लग्नाला दशक उलटून गेले, मुलगी अबोली शाळेत जाऊ लागली, तरी त्या घरात यामिनी पाहुणीच राहिली. पाहुणचार कितीही उत्तम असो, तो उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही.

याचे मूळ कुठे आहे ते तिला ठाऊक होते, निदान तसे तिला वाटत असे. लग्नानंतरच्या पहिल्या थाई नववर्षाला सारे कुटुंब दोन तासांवरच्या व्हिटबी गावाजवळच्या एका छोट्या विहारात गेले होते. नागपुरात वाढल्यामुळे बुद्धवंदनेचे स्वर तिच्या कानांवरून गेलेले होते, पण भिक्खूंना अन्नदान करण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. तिने पहाटे उठून पुरणपोळ्या केल्या होत्या. पंक्तीला आलेल्या पूज्य अतिथीला वाढावे, तशी ती सरळ वृद्ध भन्तेंसमोर गेली, पोळी त्यांच्या हातात देऊ लागली, आणि ते मागे सरताच तिला वाटले की ते संकोच करताहेत. माहेरच्या रीतीने तिने आग्रह केला, "घ्या ना, अजून एक तरी घ्या!" भन्ते आणखी एक पाऊल मागे सरले. स्त्रीच्या हातून भिक्खू थेट काही स्वीकारत नाहीत. ते पुढे वस्त्र पसरतात आणि त्यावर तिने दान ठेवायचे असते, हे तिला कुणी सांगितले नव्हते. सारा मंडप तिच्याकडे पाहू लागला. माली तेवढ्या हसल्या. ते हसू यामिनीला पुढे कित्येक वर्षे दिसत राहिले.

गेल्या हिवाळ्यात प्रसित गेले. त्यांच्या मागे त्या घरात तिला 'लूक' म्हणणारे कुणी उरले नाही. आता वर्ष भरत आले होते. विहारात पुण्यतिथीचे अन्नदान व्हायचे होते. त्या विधीत आपल्याला जागा असावी, एवढीच तिची इच्छा होती. कोपऱ्यात बसवलेल्या पाहुणीची नव्हे, सुनेची. मागायचा मात्र धीर होत नव्हता.

आणि एका सायंकाळी ती ऑफिसातून निघत असताना घरून सासूबाईंचाच फोन आला. "खुन यामिनी, तुम्ही तो साखू कराल? त्यांच्यासाठी." मग त्यांनी कबूल केले, "मला तसा जमत नाही. मी दोनदा केला. लगदा झाला."

यामिनीने नागपूरला आईला सांगितले, तर तिकडून स्फोट झाला.

"काय करून राहिली तू? श्राद्धाला कुणी उपासाचा पदार्थ करते का?"

"आई, गेलेल्याला जे आवडायचे तेच इथे वाढतात."

"मग विजयरावांच्या वडिलांना माझी वडाभाताची थाळी आवडली होती ना? ती कर!"

"नागपूरला आले तेव्हा त्यांनी ती तुझ्यासमोर कौतुकाने खाल्ली गं. खिचडी ते मागून खायचे."

आई जरा निवळली. मग म्हणाली, "शेंगदाण्याचं कूट जास्त घाल. आणि साबुदाणा रात्रभर नको भिजवू, तिकडचा बारीक असतो."

भिक्खू मध्यान्हानंतर जेवत नाहीत, म्हणून भल्या सकाळी निघावे लागले. रात्री बर्फ पडून गेला होता. विचाय गाडी सावकाश चालवत होता, पुढे त्याच्याजवळ माली होत्या. मागच्या सीटवर यामिनीने पातेले टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरले होते. शेजारी बसलेल्या अबोलीने झाकण किंचित उचलले.

"आई, कॅन आय हॅव सम?"

"आधी आजोबांना."

विहारात त्याच वृद्ध भन्तेंनी पिवळे वस्त्र पुढे पसरले. यामिनीने गुडघे टेकले, पातेले वस्त्राच्या टोकावर ठेवले आणि हात मागे घेऊन जोडले. आग्रह केला नाही. भन्तेंनी वस्त्राचे दुसरे टोक धरून ते स्वीकारले. त्यांच्या मुद्रेवर एक मंद स्मित होते. त्यांना ती पुरणपोळी आठवत असावी.

मग तर्पण झाले. पितळेची छोटी झारी आणि खाली एक वाटी. पाली मंत्र सुरू झाले की झारीची धार अखंड वाटीत सोडायची, म्हणजे केलेल्या दानाचे पुण्य गेलेल्या जीवाला पोहोचते. आपल्याकडचे जलदान आणि हे, एकाच प्राचीन श्रद्धेच्या दोन शाखा. झारी मालींच्या हातात होती. पण संधिवाताने वाकलेले ते मनगट कापू लागले. धार डगमगली, तुटेल की काय असे वाटले.

यामिनी त्यांच्या मागेच बसली होती. तिच्या डोळ्यांसमोर माहेरची सत्यनारायणाची पूजा आली. बाबा संकल्पाचे पाणी सोडत आणि आई त्यांच्या उजव्या हाताला हात लावून बसे. तिने विचार केला नाही. तिचा हात पुढे झाला आणि सासूबाईंच्या कोपराखाली जाऊन टेकला.

टेकल्यावर मात्र तिला ती पुरणपोळी आठवली. पुन्हा? पुन्हा तीच चूक? पण मालींनी कोपर काढून घेतले नाही. उलट त्याचा भार तिच्या तळहातावर हलकेच सोडला. धार सरळ झाली. तेवढ्यात तिच्या खांद्यावर विचायचा हात आला आणि त्याच्या पाठीवर अबोलीचा. मंत्र संपेपर्यंत चौघे तसेच, एकाला एक लागून बसले होते.

विधी आटोपल्यावर वाटीतले पाणी झाडाच्या मुळाशी सोडायला सासू-सून बाहेर आल्या. विहाराच्या अंगणात एक मॅपल निष्पर्ण उभा होता.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मालींनी विचारले. "ज्याचा हात झारीपर्यंत पोहोचत नाही, त्याने पुढच्याला हात लावायचा, हे?"

"कुणी नाही. आमच्याकडेही असंच करतात. मला भीती वाटली, त्या पोळीसारखं झालं की काय."

माली थबकल्या. "ती पोळी! मी त्या रात्री झोपले नाही. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. तुम्ही एवढ्या शिकलेल्या, परक्या घरून आलेल्या. मी काय शिकवणार, अशी भीड पडली. आणि सगळ्यांसमोर तुमचा चेहरा उतरला. मग ठरवलं, तुम्हाला पुन्हा अवघड वाटेल असं काही सांगायचंच नाही."

"म्हणून सुरी काढून घ्यायचात?"

"म्हणूनच." त्या ओशाळून हसल्या. हसू तेच होते, परंतु त्यातली लाज आज यामिनीला दिसली. "ते चिडायचे माझ्यावर. म्हणायचे, ती लेकरू आहे, तिला कामाला लाव."

यामिनीने वाटीसाठी हात पुढे केला.

मालींनी वाटी तिच्या हातात दिली. मॅपलच्या बुंध्याशी बर्फ साचून कडक झाला होता.

"तू ओत," त्या म्हणाल्या. "माझं मनगट नाही धरत. आणि पाय जपून टाक, लूक, निसरडं आहे. घरी गेल्यावर मला साखू दाखव. माझा लगदा का होतो तो?"

"पाणी जास्त घालत असाल."

"दाखव मग," माली म्हणाल्या आणि तिचा दंड धरून उभ्या राहिल्या.