चाकणला एकदाच जेवायला

मी दूध गाळत होते. आधी गाळणीतून, मग मलमलच्या फडक्यातून, आणि फडकं धुऊन पुन्हा एकदा. सडा टाकून झाला होता, चुलीवर पाणी तापत होतं. दापोडीच्या आमच्या चाळीमागून सकाळची गाडी गेली की फळीवरची भांडी किणकिणायची, आणि तेवढ्यात दुधावर सायीचा पातळ पदर धरायचा. तो बोटानं काढला नाही, तर माझी कमल पेला ओठाला लावून तसाच खाली ठेवायची.

शेजारणी म्हणायच्या, नखरे आहेत. कमलचे वडील होते तेव्हा म्हणायचे, "तिची जीभ पातळ आहे. आपल्याला लागत नाही ते तिला लागतं." त्यांचीही तशीच होती. भेंडीची तार, वांग्याच्या बिया, आमटीत भिजून फुगलेली भाकरी, यातलं काही त्यांच्या घशाखाली उतरत नसे. ते गेल्यावर ही गोष्ट समजणारी घरात मी एकटी उरले.

त्या सकाळी फडकं पिळून दोरीवर टाकलं आणि ठरवलं, आपण चाकणला जायचं.

वाचनालयातल्या बायका विचारतात, एकटी कशी गेलीस, म्हणून हे लिहिते आहे. चाकणजवळच्या वस्तीवरचं एक स्थळ माझ्या दिरांनी कमलसाठी आणलं होतं. शेतीचं घर, मुलगा धाकटा, नाव सोपान. पुरुषमंडळी घर पाहून आली होती. विहीर, बैल, कांदा साठवायची चाळ, सगळं त्यांनी पाहिलं. स्वयंपाकघर कुणी पाहिलं नव्हतं. विधवेनं अशा कामाला जायचं नसतं, म्हणून मी बाजाराचं निमित्त काढलं. आमच्यात लग्नानंतर मूल होईपर्यंत लेकीच्या घरी आई पाणीही पीत नाही. म्हणजे त्या घरचं अन्न चाखायचं तर आताच.

दापोडीहून भोसरीपर्यंत टांगा मिळतो, पण माघातल्या थंडीत चालत जाणंच बरं. तिथं नाशिक रस्त्याची एसटी थांबते. बाजाराच्या दिवशी गर्दी असते, म्हणून लवकरची गाडी धरावी आणि मागच्या बाकावर बसू नये, सगळी धूळ तिथंच येते. पाटी वाचता येत नाही म्हणून घाबरू नका. मीही पाट्या वाचत वाचतच अक्षरं शिकले. त्या दिवशी थांब्यावरच्या दोन बायकांना गाडी कुठली ते मीच सांगितलं.

मोशीला पुलावर गाडी हळू झाली. खाली इंद्रायणीवर धुकं होतं, अगदी दुधावर साय धरते तसं, आणि पलीकडून एक माणूस म्हशी घेऊन त्यात शिरला. आधी म्हशी दिसेनाशा झाल्या, मग तो, मग नुसती त्याची हाक राहिली. मला वाटलं, कमलचे वडील खिडकीशी असते तर म्हणाले असते, बघ, आता हे कोण गाळणार? मी हसले. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. पुढचा रस्ता मी जागी होते की झोपेत, सांगता येणार नाही. हरभऱ्याची शेतं येत होती आणि जात होती.

चाकणला उतरल्यावर आधी चहा घ्यावा. भजी ताजी असतात, पण तेल बघून घ्या. भुईकोट किल्ल्याच्या पडक्या भिंतीजवळ बैलगाड्या सोडलेल्या होत्या, त्यातल्याच एका गाडीवानानं मला वस्तीवर सोडलं.

सोपानच्या आईनं मला पाहून पदर सावरला, पण तोंड वाकडं केलं नाही. बाजाराला आले होते, म्हटलं भेटून जावं, असं मी सांगितलं. तिनं लगेच चूल पेटती केली. बाजरीची भाकरी, भरीत, आमटी, ठेचा. मला पाहुणी म्हणून वेगळं ताट वाढलं. भाकरी पातळ, कडेला कुरकुरीत. कमल ही खाईल, असं मनात आलं आणि जीव हलका झाला.

घरच्यांत आधी पुरुष जेवून उठले. मग सोपानच्या थोरल्या भावाच्या ताटावर त्याची बायको बसली. ताटात आमटीचा ओघळ सुकत होता, भाकरीचे भिजलेले तुकडे होते, वांग्याची साल होती. तिनं त्यातच वाढून घेतलं आणि चवीनं जेवली. यात वाईट काही नाही. मीही माझ्या नवऱ्याच्या ताटातच जेवले. ते गेल्यावर कितीतरी दिवस मला कोणतं ताट घ्यावं तेच कळत नव्हतं. पण कमल आणि ते ताट, हे मला डोळ्यांपुढे आणवेना.

मी सरळ बोलले, "माझी पोर उष्ट्या ताटात जेवू शकणार नाही. भिजलेला तुकडा ओठाला लागला तरी तिला मळमळतं. हे लपवून लग्न करायचं नाही."

सोपानची आई हसली. "समदं सरळ हुतंय, ताई. आमी काय माहेरी कमी लाडाच्या व्हतो व्हय?"

"आणि नाहीच जेवली तर?"

"ऱ्हाईल दोन दिस उपाशी. मग जेवंल."

ती रागानं बोलली नाही, म्हणूनच मला भीती वाटली. कमल जेवली नसती. एकदा मामीकडे ती ताप येईपर्यंत उपाशी राहिली होती. मी पाणी प्याले आणि निघाले. नकाराचे शब्द मनात जुळवत होते.

स्टँडवर सोडायला सोपाननं बैलगाडी जुंपली. बराच वेळ नुसते घुंगूर वाजत होते. ऊन कलतं होतं, कांद्याच्या पातीचा वास होता, आणि ही वाट संपूच नये असं उगाच वाटत होतं. मग तो पुढंच बघत म्हणाला, "मावशी, मी गोठ्यात व्हतो. ऐकलं मी."

मी त्याच्याकडे वळले.

"मी जेवून उठताना ताटातच हात धुईन."

"अरे, वंगाळ दिसतं ते."

"दिसू दे. हात धुतल्या ताटात कुणी कुणाला बसवत न्हाई. आईला दुसरं ताट काढावंच लागंल."

"आई बोलेल की."

"मला बोलंल. वळण न्हाई म्हनंल. तिला कशाला बोलंल?" आणि बैलाला म्हणाला, "चल रं, एसटी गाठायची हाय."

त्याच्या पाठीकडे बघत राहिले. बाजारही राहून गेला. परतताना मोशीला अंधार पडला होता, नदी दिसली नाही, नुसता गारवा आत आला.

घरी आल्यावर कमलला सगळं सांगितलं, उपाशी ठेवण्याचंही. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "रोज धुईल?"

"तसं म्हणाला."

"भाकरी कुरकुरीत होती?"

"कडेला."

ती उठून भिंतीकडे तोंड करून बसली, आणि थोड्या वेळानं म्हणाली, "मग चालेल." तिचे वडीलही हो म्हणताना असेच दुसरीकडे बघायचे.

त्या प्रवासातलं धुकं अजून कधी कधी दुधावर दिसतं. तिचा हा स्वभाव मोडायचा नाही असं तिच्या वडिलांनी ठरवलं होतं, ते मी एकटीनं धरून ठेवलं होतं. परत येताना हात जरा मोकळे वाटले.

दुसऱ्या दिवशी दूध गाळलं, कमलला दिलं, आणि दिरांच्या घरी जाऊन होकार सांगितला.