लंकीची मातीची अक्षरं

आक्काबाईची लेक लंका जन्मली तेव्हा रडली नाही. सुईणीनं पाठीवर चार थापट्या मारल्या तेव्हा कुठं तिचा आवाज फुटला. ती पाच वर्षांची होऊन भिंतीला धरून चालायला लागली, पण हात काही केल्या तिचं ऐकेनात. वाटीकडं न्यावा तर तो तांब्यावर जाऊन आदळायचा. बोलणं असं, की आईशिवाय कुणाला उमगायचं नाही. हसणं मात्र लख्ख. शेजारची म्हैस दावं तोडून पळाली, तरी ही ओट्यावर बसून पोट धरून हसायची.

जामखेडपासून तीन कोसांवरच्या त्या गावात लोक म्हणायचे, पोर खुळी हाय. आक्काबाईला ते पटत नव्हतं. सांजच्याला शेळ्या परत आल्या की लंकी त्यांच्याकडं बघून बोटं हलवायची आणि एखादी कमी असली की आरडाओरडा करायची. खुळ्या पोरीला शेळ्या मोजता येतील का?

एकाहत्तरच्या जूनमध्ये आक्काबाईनं तिला कडेवर घेतलं आणि शाळा गाठली. लंकी तेव्हा सात वर्षांची होती. राधाकृष्ण गुरुजी माणूस चांगला, पण चार इयत्तांना एकटा.

"आक्काबाई, हिच्या हातात पेन्सिल राहत नाही. पाटीवर लिहिणार कशी?" गुरुजी म्हणाले. "तोंडी घ्यावं तर मला हिचं बोलणं कळत नाही."

"हात न्हाई चालत गुरुजी, डोकं चालतंय. तुमी तुमचा वर्ग बघा, हिला मी शिकवते. फकस्त कुठनं सुरू करायचं तेवढं सांगा."

"तुम्हाला वाचता येतं?"

"न्हाई," आक्काबाई म्हणाली. "तिच्यासंगं मी बी शिकंन."

गुरुजींनी नाव घातलं. लंकी मागच्या भिंतीशी पोत्यावर बसू लागली.

पण शिकवायचं कसं? आक्काबाईनं राख पसरून बघितली. लंकीच्या हाताच्या फटक्यात अक्षरासकट सगळी राख उडाली आणि मायलेकी पांढऱ्याफटक झाल्या. कोळशानं भिंतीवर लिहायला लावलं, तर कोळशाचे तुकडे झाले. एक दिवस मात्र तिनं पाहिलं, की ओट्यावर ठेवलेली बेलफळं लंकी मनगटाच्या कडेनं ढकलत पाहिजे तिथं नेत होती. पोरीला धरता येत नव्हतं, ढकलता येत होतं.

आक्काबाई तशीच उठली आणि कानिफनाथ कुंभाराकडं गेली. तळहाताएवढ्या, जड, सपाट चकत्या तिला हव्या होत्या.

"यवढ्या चकत्यांचं करती काय, वयनी?" त्यानं विचारलं.

"अक्षरं."

कानिफनाथानं डोकं खाजवलं, पण माती मळायला घेतली. ओल्या चकत्या घमेल्यात घालून आक्काबाईनं शाळेत नेल्या आणि गुरुजींनी बाभळीच्या काट्यानं एकेकीवर अक्षर कोरलं. काना, मात्रा, वेलांट्याही वेगळ्या केल्या. कुंभाराच्या आव्यात भाजून त्या लाल होऊन आल्या. दुपारच्या सुट्टीत गुरुजी आक्काबाईला तीन अक्षरं सांगायचे. ती वाटेनं पुटपुटत घरी यायची आणि संध्याकाळी लंकीपुढं त्या तीनच चकत्या मांडायची. कधी आईच विसरायची, मग लंकी 'अं अं' करून बरोबर चकती पुढं ढकलायची.

लंकीचे वडील सूर्यभान हे सगळं बाजेवरून बघायचे. "शिकून काय मामलेदार व्हायची हाय का?" असं त्यांनी एकदा म्हणून पाहिलं. आक्काबाईनं पुढची चकती मांडली.

दिवाळी झाल्यावरची गोष्ट. जेवताना लंकी ताटावर बसेना. सरपटत चकत्यांच्या टोपलीपाशी गेली आणि चकत्या पाडून एकेक ढकलू लागली. पाव तास लागला. आक्काबाई वाकून वाचू लागली. भा. जी. खा. र. ट.

तिनं भाजीची चव घेतली. खरंच खारट होती. आक्काबाई हसता हसता भिंतीला टेकली आणि तिचे डोळे भरून आले. सात वर्षं पोरीच्या मनातलं तिनं अंदाजानं ओळखलं होतं. आज पोरीनं स्वतः सांगितलं होतं. सूर्यभान बाजेवरून उठून आले, चकत्यांकडं बघितलं आणि म्हणाले, "मला कवापासनं खारट लागत हुती, पर बोलायची सोय न्हवती."

बहात्तरच्या दुष्काळात गाव नालाबांधाच्या कामावर गेलं. आक्काबाईनं लंकीला आणि टोपलीला बरोबर नेलं. दुपारी भाकरी सोडायला बायका लिंबाखाली जमायच्या. एकदा झुंबरबाई लंकीला म्हणाली, "माझं नाव काढ की गं." लंकीनं काढलं. मग रतनबाईचं, केशरबाईचं. आपलं नाव असं दिसतं, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. मग केशरबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "आन् आमच्या ह्यांचं?"

"ह्यांचं म्हंजी कुनाचं? नाव तर सांग," आक्काबाईनं मुद्दाम विचारलं.

नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं तरी कसं? केशरबाई लाजून लाल झाली. शेवटी तिनं आक्काबाईकडून अक्षरं समजून घेतली आणि आपल्याच हातानं चकत्या मांडल्या : का र भा री. बायकांची हसून हसून पुरेवाट झाली. दुसऱ्या दिवसापासून जी ती लवकर जेवून नवऱ्याचं नाव मांडायला नंबर लावू लागली. आक्काबाईची मात्र पंचाईत झाली. 'सूर्यभान' मांडताना 'य'च्या डोक्यावर रफार पाहिजे, म्हणून लंकी अडून बसली. शेवटी कानिफनाथाला एक रफार वेगळा भाजून द्यावा लागला.

त्र्याहत्तरच्या डिसेंबरात शाळा तपासायला साहेब आले. सगळे वर्ग झाल्यावर त्यांचं लक्ष मागच्या पोत्यावर गेलं. गुरुजींनी सांगितलं ते त्यांना खरं वाटेना.

"बरं, काहीतरी लिही बघू. तुझ्या मनाचं," ते म्हणाले.

लंकीनं चकत्या ढकलायला सुरुवात केली. खिडकीबाहेर आक्काबाई गज धरून उभी होती. 'सा' झाला. 'हे' होईपर्यंत साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. 'ब' आलं. एक चकती घसरून लांब गेली. गुरुजी उचलायला वाकले, तर लंकीनं मान हलवून त्यांना थांबवलं आणि स्वतः पुढं सरकून ती आणली. साहेब तिसऱ्यांदा घड्याळ बघणार, एवढ्यात ओळ पुरी झाली.

साहेब घाई करू नका.

गुरुजींच्या कपाळाला घाम फुटला. साहेबांनी ते दोनदा वाचलं, घड्याळ मनगटावरून काढून खिशात टाकलं आणि खाली फरशीवर मांडी घालून बसले. मग त्यांनी लंकीला बेरजा घातल्या, गावाचं, नदीचं नाव विचारलं. तास गेला. जाताना शेरेबुकात त्यांनी लिहिलं, की या मुलीची परीक्षा चकत्यांवर घ्यावी आणि तिला लागेल तेवढा वेळ द्यावा.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात लंकी तिसरी पास झाली. ती बातमी शेजारच्या वाडीपर्यंत गेली आणि एका सकाळी मालनबाई नावाची बाई आपल्या मुलीला घेऊन ओट्यावर आली. पोरीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं.

"माझ्या पोरीला बी चकत्या करून द्या, बाई," ती म्हणाली.

आक्काबाईनं पोरीकडं निरखून बघितलं. ती लंकीच्या टोपलीकडं फिरकलीही नव्हती. रांजणापाशी ओली माती होती, ती घेऊन तिनं केव्हाच एक शेळी केली होती, शिंगांसकट, एक पाय उचललेली. लंकी ती बघून खदखदत होती.

"चकत्या हिच्या कामाच्या न्हाईत," आक्काबाई म्हणाली. "हिचं येगळं हाय. हात बगा की कसा चालतोय. आधी च्या घ्या, मंग गुरुजीकडं जाऊ."

आणि ती चुलीत काटक्या सारायला आत गेली.