पुलावरचा विसावा

रघुतात्या हात वर करायचे आणि महामार्ग थांबायचा. शिट्टी नाही, झेंडा नाही. तिरडीच्या पुढे अनवाणी चालणारा हा काटकुळा म्हातारा ट्रकसमोर असा उभा राहायचा, की ड्रायव्हरला ब्रेक दाबण्यावाचून गत्यंतर नसे. आमची घरं रस्त्याच्या अलीकडे आणि स्मशान पलीकडे, खाडीच्या अंगाला. शेवटचा रस्ता प्रत्येकाला ओलांडावाच लागे.

अर्ध्या वाटेवर तिरडी खाली ठेवून खांदेकऱ्यांनी जागा बदलायच्या, ही विसाव्याची रीत. आमची विसाव्याची जागा नेमकी डांबराखाली गेली. पोरं म्हणाली, अलीकडेच टेकवू. तात्या ऐकतील तर शपथ! जागा म्हणजे जागा. भर रस्त्यात तिरडी ठेवायला लावायचे आणि मागे हॉर्नचा नुसता कल्ला. “जलमभर धावलाय बिचारा, वाईच टेकू दे त्याला,” म्हणायचे, आणि लगेच, “चला, उचला.” तो शब्द त्यांचाच. दुसऱ्या कुणी म्हटलेला त्यांना खपत नसे.

मग महामार्गावरून पायी जायचा पूल झाला. मोठ्या कमानीला जाड तारांनी टांगलेला, मधे एकही खांब नाही. दिवा, कोपर अशा स्टेशनांकडून लोक फोटो काढायला येत. तात्यांनी मधोमध उभं राहून कठड्यावरून खाली बघितलं आणि जागा बरोबर पायाखालीच आहे, असं जाहीर केलं. गावाला हायसं वाटलं.

त्या पुलावरून पहिली गेली ती त्यांचीच बायको, जनाकाकू. आई नोकरीला जायची, म्हणून मी शेजारच्या काकूच्याच हातचं खाऊन मोठा झालो. मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. खांद्याला बांबू रुततोय, एवढंच कळत होतं.

मधोमध तात्यांनी सवयीने हात वर केला. थांबवायला कुणी नव्हतं. गाड्या खालून आपल्या वाटेने चालल्या होत्या. आम्ही काकूला खाली ठेवलं, जागा बदलल्या आणि वाट बघत राहिलो. तात्या उशाशी उभे. कुणीतरी खाकरलं. शेवटी काकूचा भाऊ हळूच म्हणाला, “भावजी, बोला आता.”

तात्यांनी माझ्याकडे बघितलं. “गाऱ्यावाले हॉर्न मारून घाई करायचे, म्हनून बोलाला जमायचा. आता कसा बोलू मी?”

मग मीच म्हणालो, “उचला.” आवाज माझा वाटला नाही. काकू उचलली गेली, तेव्हाही मला काही वाटलं नाही.

तात्या आता कुठल्याच मयताला जात नाहीत. गावात कुणी गेलं की ‘उचला’ म्हणायला लोक मला बोलावतात.