मीठ कुणी चाखलं?

जव्हारच्या बाजारपेठेत इदरीसभाई कुलपं दुरुस्त करतात आणि रविवारी पाहुण्यांना जुना मोहल्ला दाखवतात. तिथली हिरवी, निळी, गुलाबी घरं ते दाराच्या कुलपावरून ओळखतात. फेरी संपते चैतीबाईंच्या खानावळीत. चैतीबाई मूळच्या दाभोशाच्या. "मी चाखल्याशिवाय पाहुण्याच्या ताटात काही पडत नाही," असं इदरीसभाई प्रत्येकाला सांगतात.

यंदा रमजान चालू होता आणि होळी तोंडावर आली होती, तेव्हा ठाण्याहून रंजनाताई आल्या. जव्हारच्या गल्ल्या आणि खाण्यावर त्या पुस्तिका छापणार होत्या. वाटाड्या म्हणून तिच्यात एकच नाव जाणार होतं, आणि ते आपलं असावं असं इदरीसभाईंना फार वाटत होतं.

बाजारात कैऱ्या बघून ताईंनी चटणी मागितली. घोळ तिथेच सुरू झाला.

चैतीबाईंनी पाट्यावर चटणी वाटली, पण बोट जिभेला लावलं नाही. त्यांच्या पाड्यावर होळीला देवाला दाखवल्याशिवाय नवा आंबा, कैरीसुद्धा, कुणी तोंडात घालत नाही.

"इदरीसभाय, तुमी चाखा."

"माझा रोजा आहे, बाई. मीठ टाकलं का?"

"टाकलं वाटतं. का राहिलं?"

इदरीसभाईंनी चटणीचा वास घेतला. वासावरून काय कळणार? त्यांनी चिमूटभर मीठ घातलं, धीर सुटून आणखी घातलं. त्यांची पाठ वळताच चैतीबाईंनीही घातलं.

नागलीच्या भाकरीबरोबर पहिला घास घेताच रंजनाताईंनी पाण्याचा तांब्या उचलला.

"भाई, चाखली होती ना तुम्ही?"

हो म्हटलं तर खोटं, तेही रोज्यात. नाही म्हटलं तर नाव गेलं. इदरीसभाई चैतीबाईंकडे बघायला लागले, चैतीबाई पाट्याकडे.

"नाही, ताई," इदरीसभाई म्हणाले. "मी नाही, यांनीही नाही."

"का? काही बिघडलंय का तिच्यात?"

मग दोघं एकदम बोलू लागले. रोजा, देव, ईद, होळी. ताईंच्या डोक्यात काही शिरेना.

"थांबा! म्हणजे दोघांनाही खायची मनाई?"

"मला कैरीचीच," चैतीबाई म्हणाल्या. "यांना तं पाण्याचीबी."

ताई हसत उठल्या, पाट्यापाशी बसल्या आणि आणखी कैरी वाटून चटणीत मिसळू लागल्या. तिसऱ्यांदा चाखल्यावर त्यांनी मान डोलावली.

निघताना इदरीसभाईंनी भीतभीत विचारलं, "नाव घेतलंत का, ताई?"

"घेतलं. खाली एक ओळही लिहिलीय: हे न चाखता चाखलं म्हणत नाहीत."

ही तारीफ की टोमणा, ते इदरीसभाईंना कळेना. त्यांनी चैतीबाईंना विचारलं.

"होळी होऊंद्या," त्या म्हणाल्या, "मंग चाखून सांगते."